गळ, गाळ आणि गरी : मांद्रेच्या खाडीतले तरंगते आमिष

मराठीत गळ, कन्नडमध्ये गाळ आणि पेडण्याच्या कोकणीत गरी. आपल्या सीमाभागातल्या घरांत हे तिन्ही शब्द एकाच जेवणाच्या पंगतीत ऐकू येतात. आजोबा गरवायला जातात, सूनबाईच्या माहेरी गाळ टाकतात आणि शाळेतल्या पुस्तकात मात्र गळ असतो. शब्द बदलला तरी वाकडा काटा तोच. बदलते आहे ते त्या काट्याला लावायचे आमिष.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. खाडीकाठी गरवणारा माणूस जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, आपल्या कन्नड वाचकांची सीगडी, गरीला लावायचा आणि भरती-सुकतीची वेळ साधून बसायचा. आजही अनेकजण तसेच गरवतात. पण गेल्या काही वर्षांत हातात रॉड-रीळ आणि खिशात रबरी माशांची पुडी घेऊन काठावर उभी राहणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. सुट्टीत पेडण्याला मामाकडे आलेली बेळगाव-कारवारची मुलेही त्यांत असतात. तेव्हा ही विद्या नेमकी काय आहे, हे घरातल्या मोठ्यांनीही समजून घेतलेले बरे.

मऊ प्लॅस्टिकचे आमिष ही अमेरिकेतली कल्पना. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावच्या निक क्रीम यांनी १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ साच्यात ओतून तयार केला. तिकडच्या थंड, खडकाळ नद्यांत स्मॉलमाऊथ बास नावाचा मासा असतो. त्याच्यासाठी आणि त्याच्या भाऊबंदांसाठी ही आमिषे गरीला लावण्याच्या नाना तऱ्हा तिथल्या लोकांनी शोधल्या. हा मासा आपल्याकडे नाही. पण आपल्या खाडीत ज्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात तो आहे, म्हणजेच गोव्याची चणक आणि रायगडचा जिताडा. नावात बास असला तरी दोघे जवळचे नातलग नव्हेत. सवय मात्र सारखी : आडोशाला दबा धरून राहायचे आणि समोरून भक्ष्य गेले की झडप घालायची. म्हणून तिकडची युक्ती इकडेही चालते.

आता तरंगत्या आमिषाचे महत्त्व पाहू. मांद्रेची खाडी काही अंतर किनाऱ्याला समांतर, वाळूच्या पट्ट्यामागून वाहते. बांबूचे साकव ओलांडून लोक पलीकडे समुद्रावर जातात. दक्षिणेला मोरजीजवळ शापोरा नदी समुद्राला मिळते. हीच नदी महाराष्ट्रात तिळारी म्हणून ओळखली जाते. उत्तरेला तेरेखोलची खाडी. पेडण्यातल्या अशा खाड्यांचा तळ म्हणजे चिखल, कालवांची धारदार कवचे आणि कांदळाची मुळे. बुडणारे आमिष टाकले की ते चिखलात रुतते किंवा मुळात अडकते. मासा राहतो बाजूला आणि तंगूस तोडून घरी यावे लागते. तरंगणारे आमिष मात्र तळापासून वर उठून राहते. माशाला ते दिसते आणि गरीही वाचते.

सगळी रबरी आमिषे तरंगत नाहीत. बहुतेक आमिषे पीव्हीसी जातीच्या मऊ प्लॅस्टिकची असतात आणि त्यांत बऱ्याचदा मीठ मिसळलेले असते. ती बुडतात. काही आमिषे इलॅस्टोमर नावाच्या रबरासारख्या पदार्थाची असतात. तो पाण्याहून हलका आणि चिवट असतो. ही दोन्ही एका डबीत ठेवू नयेत, एकमेकांना लागून ती वितळतात आणि त्यांचा लगदा होतो. परीक्षा सोपी आहे. बादलीत खाडीचे पाणी घ्यावे, आमिष गरीसकट सोडावे आणि पाहावे. नुसते आमिष तरंगले तरी गरीच्या वजनाने ते बुडू शकते. म्हणून पातळ तारेची गरी निवडावी लागते.

गरी ओवण्याच्या तीन पद्धती आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली, टोक लपवून ओवण्याची, जिला टेक्सास पद्धत म्हणतात. यासाठी मानेशी वाकवलेली ऑफसेट गरी लागते. आमिषाच्या नाकातून गरीचे टोक सुमारे अर्धा सेंटिमीटर आत घालून खालच्या बाजूने बाहेर काढायचे. मग आमिष गरीवरून सरकवत नेढ्यापर्यंत आणायचे आणि गरी अर्धी फिरवून तिचे टोक आमिषाकडे वळवायचे. गरी बाजूला धरून तिचा बाक आमिषावर कुठे येतो ते आधी बघून घ्यावे आणि बरोबर त्याच जागी टोक आरपार काढून पाठीवर किंचित दडवावे. आमिष सरळ राहिले पाहिजे. ते वाकडे ओवले तर ओढताना भिंगरीसारखे फिरते आणि दोरीला पीळ पडतो. वजन न लावता हे आमिष कांदळाच्या मुळांजवळून, पृष्ठभागाखालून सावकाश आणता येते.

दुसरी, लांब शेंडीची कॅरोलायना पद्धत. मुख्य दोरीत सरकते शिसे घालायचे, त्याखाली फिरकी बांधायची आणि फिरकीला दीड-दोन फुटांची दोरी जोडून टोकाला तरंगते आमिष लावायचे. शिसे तळ चाचपत जाते आणि आमिष त्याच्यामागे चिखलाच्या वर डोलत राहते. शापोरासारख्या खोल, ओढ असलेल्या पाण्यात ही पद्धत बरी.

तिसरी, डोक्याला शिसे असलेली जिग गरी. डोके तळाला टेकते आणि तरंगणारी शेपटी वर उभी राहते, जणू तळ उकरून खाणारा एखादा छोटा मासा. वाळूच्या मोकळ्या तळावर ही छान चालते. मुळांत मात्र हिचे उघडे टोक अडकते.

पद्धत कोणतीही असो, शेवटचा हातभर भाग जाड दोरीचा हवा. चणकीच्या गालाची कड सुरीसारखी असते आणि बारीक तंगूस ती सहज कापते. मासा उचलतानाही गालात बोटे घालू नयेत. वेळेचे म्हणाल तर जुन्या माणसांचे गणित आजही खरे आहे. सुकती लागली, कन्नडमध्ये इळित सुरू झाली, की खाजनातल्या मानशींतून आणि ओहळांतून पाणी उतरते आणि त्याबरोबर सुंगटे व बारीक मासळीही बाहेर येते. चणक तोंडाशीच वाट पाहत असते. मात्र मानशीजवळ मासे धरण्याचा हक्क पावणीत दिलेला असतो. तिथे विचारल्याशिवाय दोरी टाकू नये.

घटप्रभा-मलप्रभेकाठच्या वाचकांनाही टोक लपवलेली गरी उपयोगी आहे. पाणवनस्पतींत दडलेली मरळ अशाच न अडकणाऱ्या रबरी बेडकावर येते. मरळीची जोडी पिलांची राखण करते. पिलांचा घोळका पाण्यावर दिसत असताना तिला धरले तर अख्खे पोरके घर मागे राहते, हे मुलांना जरूर सांगावे.

आणि इथेच या छंदातला खरा प्रश्न येतो. चणक आयुष्याची सुरुवात नर म्हणून करते. काही वर्षांनी, साधारण ८० ते १०० सेंटिमीटर लांबीच्या सुमारास, तिची मादी होते. म्हणजे फोटोसाठी आपण छातीशी धरतो तो मोठा मासा जवळजवळ नेहमी मादी असतो आणि पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी लाखो अंडी देणारी तीच असते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, काही धरणांचा अपवाद वगळता, ५८ सेंटिमीटरहून लहान आणि १२० सेंटिमीटरहून मोठी चणक ठेवायला बंदी आहे. लहानाला एकदा तरी वीण करू द्यावी आणि मोठीला करत राहू द्यावी, हा त्यामागचा विचार. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तिचाही हेतू हाच. काठावरून गरवणाऱ्याने तो हेतू आपणहून पाळावा. घरच्या हुमणाला मधल्या मापाचा मासा पुरेसा असतो. फार मोठी सापडली तर हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, पाण्यातच सोडवावी. गरीचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवला असेल तर हे काम क्षणात होते.

दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. सुंगट गरीवरून सुटले तर खाडीत विरघळते, रबर विरघळत नाही. फाटलेले आमिष आणि तुटलेली तंगूस पाण्यात न टाकता डबीत घालून घरी आणावी. मोरजी-मांद्रेच्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. तिथे रात्री बॅटऱ्या फिरवणे आणि दोऱ्या सोडून येणे हे दोन्ही टाळायला हवे.

रॉड-रीळ घ्यायला पैसे पडतात, पण भरती-सुकती ओळखायला फक्त सोबत लागते. यंदाच्या सुट्टीत मुलाने किंवा मुलीने रबरी मासा मागितला तर तो जरूर द्या, आणि सोबत काठावर बसणारा एखादा आजोबाही मिळवून द्या. गरी ओवायला कोणीही शिकवील. कोणता मासा परत सोडायचा, हे घरच्याच माणसाने शिकवलेले बरे.