धर्माची वाणी आणि लोकांची चावडी

धर्माने देवघरात बसावे, चावडीवर येऊ नये, असे पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात. उलट काहींचे म्हणणे असे की, धर्म बोलू लागला म्हणजे इतरांनी गप्प बसावे. मला दोन्ही मते पटत नाहीत. का, ते सांगावयाचे तर पंढरपूरला जावे लागेल.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी तेथे उपोषण आरंभिले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, एवढीच मागणी. त्यापूर्वी कित्येक महिने गावोगाव हिंडून त्यांनी लोकमत जागे केले होते. त्यांची भाषा भक्तीची होती. विरोधकही धर्माच्याच नावाने, शास्त्र आणि रूढी पुढे करून बोलत होते. त्याच महिन्यात उपोषण सुटले. त्याच साली मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

आता विचार करा. धर्माची भाषा चावडीवर नको, असे म्हणून गुरुजींना थांबविले असते, तर वारकऱ्याच्या अंतःकरणाशी कोण बोलले असते? आणि धर्माचा शब्द अखेरचा मानला असता, तर नेमका कोणाचा मानावयाचा? गुरुजींचा की शास्त्रीबुवांचा?

म्हणूनच दुसऱ्या वाणीची गरज लागते. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माणूस म्हणून समान हक्काचा प्रश्न मांडला. हे म्हणणे तोलून पाहावयास भाविक असावे लागत नाही. नास्तिकालाही ते तोलता येते. पुढे संविधानाच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, तीही सर्वांना समजेल अशा नागरिकत्वाच्या भाषेत.

मर्यादा कोठे घालावी, हे मात्र सोपे नाही. धर्माच्या नावाने मत मागणे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला की, या मनाईत मतदाराचा धर्मही येतो. धर्मामुळे किंवा जातीमुळे ज्यांनी अन्याय सोसला, त्यांचे गाऱ्हाणे मांडणेही यात बंद होईल, ही अल्पमतातील न्यायमूर्तींची चिंता होती. निकाल शिरोधार्य, परंतु ती चिंता मला क्षुल्लक वाटत नाही.

उपोषण हेही दडपणच, असे कोणी म्हणेल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. तरीपण स्वतःचा देह झिजविणे आणि दुसऱ्याला धाक घालणे यांत अंतर आहेच.

तेव्हा महाराज, मौलवी, पाद्री कोणीही सार्वजनिक प्रश्नावर बोलोत, आपण जरूर ऐकावे. मात्र मनाशी एक गोष्ट पडताळून पाहावी: हे गृहस्थ मला पटवू पाहत आहेत, की गप्प करू पाहत आहेत? पटविणाऱ्यास उलट प्रश्न विचारता येतो. घरातल्या मुलांना तो विचारण्याची सवय लावावी, आणि पहिला प्रश्न आपल्याच धर्माच्या माणसाला विचारू द्यावा.