हमीची मुदत आणि घरातला स्क्रू ड्रायव्हर

कष्टकऱ्याच्या घरात टीव्ही, फ्रिज किंवा वॉशिंग मशीन सहजासहजी येत नाही. बोनसची रक्कम, भिशीचा नंबर, नाहीतर बारा-अठरा महिन्यांचे हप्ते यांतून ती वस्तू दारात उतरते. म्हणूनच ती बंद पडली की घरातल्या सर्वांचा जीव खालीवर होतो. आणि नेमक्या अशाच वेळी घाईघाईने एक निर्णय घेतला जातो, ज्यामुळे कंपनीने फुकट करून द्यायचे काम आपल्या खिशावर येऊन पडते. हमीची मुदत शिल्लक असताना वस्तू घरीच उघडणे, हा तो निर्णय. त्याविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

वस्तीतील लोकांचे तक्रारअर्ज लिहून देताना असे प्रकार आम्ही वारंवार पाहतो. एका कुटुंबाने हप्त्यावर घेतलेल्या एलईडी टीव्हीचे चित्र आठव्या महिन्यात गेले. आवाज मात्र येत होता. मुलगा आयटीआयला शिकणारा, हुशार. त्याने मागचे झाकण काढले, आतील पट्ट्या तपासल्या आणि परत बसवताना पॅनलच्या कडेला तडा गेला. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. त्याने तुटलेले सील पाहिले, फोटो काढला आणि कागदावर ‘हमी रद्द’ असा शेरा मारून निघून गेला. पॅनल हा एलईडी टीव्हीतला सर्वांत महागडा भाग. तो बदलण्याचा खर्च ऐकून आईवडील गप्पच झाले. टीव्ही बंद आणि हप्ते मात्र चालू!

दोष मुलाच्या हुशारीचा नव्हे. हमीचा कागद घरात कोणी वाचलाच नव्हता, हे खरे दुखणे आहे.

हमी म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. ठरावीक मुदतीत वस्तूत बनावटीचा दोष निघाला तर ती आम्ही दुरुस्त करून देऊ, असा कंपनीने दिलेला तो शब्द असतो. पण त्या शब्दाला अटी असतात. कंपनीने नेमलेल्या माणसाखेरीज इतर कोणी वस्तू उघडली, सील तोडले किंवा मशीनचा क्रमांक खोडला तर हमी लागू राहणार नाही, असे बहुतेक हमीपत्रांत छापलेले असते. ‘इतर कोणी’ यात घरचा मुलगाही आला आणि नाक्यावरचा मिस्त्रीही आला. शिवाय फ्रिजवर ‘दहा वर्षे हमी’ लिहिलेले असले तरी ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची असते. बाकीच्या भागांची हमी पुष्कळदा एकच वर्ष असते. तेव्हा जाहिरातीवर न जाता कार्ड वाचावे.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुराव्याचा आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे गेले तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. वस्तू जशीच्या तशी असेल तर मूळ दोष उघड होण्याची आशा असते. पण आपणच ती उघडली असेल, तर ‘हा बिघाड ग्राहकानेच केला’ असे म्हणायला कंपनीला आयती सबब मिळते. आपली बाजू खरी असूनही ती सिद्ध करणे मग जड जाते.

पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघेल, जिवाचे भरून निघणार नाही. पुष्कळांना वाटते, प्लग काढला की धोका संपला. तसे नाही. मायक्रोवेव्हच्या आत दोन हजार व्होल्टच्या वर दाब तयार होतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कॅपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. टीव्हीच्या पॉवर बोर्डावरील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज असते. अनेक नव्या फ्रिजमधला आर-६०० ए हा गॅस पेट घेणारा आहे. तेथे नळीजवळ सोल्डरिंगची ज्योत नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. मोबाईलच्या फुगलेल्या बॅटरीला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लागले तर ती हातातच पेटते.

मग हातावर हात धरून बसायचे काय? मुळीच नाही. सॉकेटला वीज आहे का, एमसीबी पडला आहे का, स्टॅबिलायझर चालू आहे का, रिमोटचे सेल संपले आहेत का, वॉशिंग मशीनची जाळी तुंबली आहे का, हे अवश्य पाहावे. माहितीपुस्तिकेत ग्राहकाने करायची म्हणून जी कामे दिलेली असतात ती केल्याने हमी जात नाही. मात्र स्क्रू काढण्याची वेळ आली की थांबावे आणि पुढीलप्रमाणे वागावे.

१. कंपनीच्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवावी.

२. कारागीर आला की त्याने काय तपासले, काय बदलले, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनाला पुढे किंमत राहत नाही.

३. कारागीर मुदतीतही पैसे मागू लागला तर कोणत्या अटीखाली मागतो ते विचारावे आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये.

४. चालढकल होऊ लागली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते.

५. एवढ्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाले पाहिजे. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, नवी वस्तू, पैसे परत किंवा भरपाई देण्याचा हुकूम देऊ शकतो.

या सगळ्याला आधार एकच, तो म्हणजे पक्के बिल. चार पैसे वाचतात म्हणून बिलाशिवाय वस्तू घेऊ नये. हल्लीच्या बिलावरची शाई वर्षभरात उडून जाते, म्हणून लगेच झेरॉक्स काढावी. हमीपत्रावर दुकानदाराची सही, शिक्का आणि तारीख घ्यावी. जातीचा दाखला आणि रेशनकार्ड आपण पेटीत जपतो, त्यांच्याच शेजारी हे कागद ठेवावेत.

घरच्या मुलामुलींनी दुरुस्ती शिकूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उलट जरूर शिकावी. त्या हुन्नरावर कितीतरी घरे चालतात. हमी संपलेल्या, मोडीत निघालेल्या वस्तूंवर, जाणत्या माणसाच्या हाताखाली हात बसवावा. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ नावाचे पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्यांची माहितीपुस्तके, सुटे भाग आणि सेवा केंद्रे यांची माहिती एकत्र मिळावी, असा उद्देश आहे. हमीची मुदत संपल्यावर त्याचा उपयोग करून घ्यावा.

तोवर एक काम आज रात्रीच करावे. घरातील प्रत्येक यंत्राची हमी कोणत्या तारखेला संपते, ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. घरातल्या सर्वांना तो वाचून दाखवावा आणि त्या तारखेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर पेटीतच ठेवावा.