सुप्रा : सनद कंपनीची, वहिवाट लोकांची

जानेवारी २०१९ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार-प्रदर्शनात टोयोटा कंपनीने ‘सुप्रा’ हे नाव सतरा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा प्रचारात आणले, तेव्हा ज्यांनी त्या दिवसाची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती त्यांच्यातच प्रथम दुफळी माजली. कारण नव्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर आत जे इंजिन होते ते टोयोटाचे नसून बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीचे होते, आणि गाडीची जुळणीही जपानात न होता ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरी, माग्ना श्टायर या कंत्राटी कारखान्यात, बीएमडब्ल्यूच्याच झेड-फोर गाडीच्या शेजारी होत होती. हा वाद पुढेही धुमसत राहिला. हौशी मंडळींचा रिकामपणचा उद्योग म्हणून तो सोडून द्यावा असे मला वाटत नाही, कारण त्याच्या मुळाशी मालकीचा एक खरा प्रश्न आहे: एखाद्या यंत्राचे नाव ज्याने ते प्रथम कोरले त्याचे, की ज्यांनी त्या यंत्रावर आयुष्य घालवून त्याला अर्थ दिला त्यांचे?

नावाचा उगम तसा साधाच. १९७८ साली टोयोटाने आपल्या सेलिका गाडीचे नाक लांबवून तीत ओळीने सहा सिलिंडर असलेले इंजिन बसवले. ती जपानात ‘सेलिका डबल-एक्स’ आणि परदेशी ‘सेलिका सुप्रा’ या नावाने विकली गेली. पुढे सेलिकेने पुढच्या चाकांना जोर देण्याची नवी रीत पत्करल्यावर १९८६ साली सुप्रा तिच्यापासून विभक्त झाली, आणि ओळीचे सहा सिलिंडर व मागच्या चाकांना जोर ही दोन व्रते तिने आपल्यापाशी राखली. तथापि आज ज्या सुप्राविषयी लोक हळवे होऊन बोलतात ती १९९३ ची, चौथ्या पिढीची गाडी होय. आणि तिचे माहात्म्य समजण्यासाठी तिच्या इंजिनाशी थोडे थांबले पाहिजे.

‘टू-जेझेड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या तीन लिटरच्या इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर ८६ मिलिमीटर व्यासाचा आणि त्यातील पिस्टनची धावही नेमकी ८६ मिलिमीटरची. ब्लॉक बिडाचा, जड आणि जाड भिंतींचा. खालचा क्रँक सात बेअरिंगांवर पेललेला. दोन टर्बो अशा क्रमाने जोडलेले, की कमी फेऱ्यांवर एकट्या पहिल्याने काम करावे आणि वेग चढल्यावर दुसऱ्याने त्याला येऊन मिळावे. जपानी कारखानदारांच्या आपसांतील समझोत्यामुळे स्वदेशी या इंजिनाची शक्ती २८० अश्वशक्ती अशी नोंदली जाई, अमेरिकेत ३२०. परंतु ज्या मिस्त्र्यांनी ते प्रथम खोलले त्यांच्या ध्यानात आले की आतील लोखंड या आकड्यांच्या कितीतरी पलीकडचा भार सोसण्याच्या हिशेबाने ओतलेले आहे. मग दोन छोटे टर्बो काढून त्यांच्या जागी एकच मोठा बसवावा, इंधनाचे इंजेक्टर आणि पंप वाढवावेत, संगणकातील कोष्टके नव्याने लिहावीत, आणि ब्लॉकला मात्र हात लावू नये, असा एक परिपाठच पडून गेला. आणि त्या मूळ ब्लॉकमधून हजार अश्वशक्तीपर्यंत मजल मारणाऱ्या गाड्या जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या गॅरेजांतून बाहेर पडू लागल्या.

ज्या काळात ही कीर्ती वाढत होती त्या काळात कंपनीने मात्र सुप्राकडे पाठ फिरवली होती, ही गोष्ट या वादात पुरेशा आग्रहाने मांडली जात नाही. अमेरिकेतील विक्री १९९८ साली थांबली, २००२ साली जपानातील उत्पादनही बंद झाले. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटातील नारिंगी सुप्राने एक अख्खी तरुण पिढी भारून टाकली, तेव्हा अमेरिकेतल्या विक्रेत्याकडे जाऊन नवी गाडी मागण्याची सोयच उरली नव्हती. चित्रपटात वापरलेली एक सुप्रा २०२१ साली साडेपाच लाख डॉलरांना लिलावात गेली. जुन्या महसुली दप्तरात जमिनीची सनद एकाच्या नावे असावी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट दुसऱ्याची असावी, तसा या नावाचा प्रकार झाला आहे: सनद टोयोटाच्या पेटीत आहे खरी, परंतु वीस वर्षे त्या जमिनीची मशागत गॅरेजवाल्यांनी आणि गाडीधन्यांनी केली.

कंपनीलाही या नावाची ओढ नव्हती असे नाही. अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर, टोयोटाचे कसलेले चाचणी-चालक हिरोमु नारुसे यांच्या हाताखाली, जुन्या सुप्रावरच वेगाचे धडे गिरवले. आणि शेजारून इतर कंपन्यांच्या अजून बाजारात न आलेल्या गाड्या निघून जात असताना आपल्यापाशी दाखवण्यासारखी ही एक जुनी गाडीच आहे, हे शल्य त्यांनी पुढे बोलूनही दाखवले. नारुसे २०१० साली त्याच परिसरात अपघातात निवर्तले. टोयोटा आणि बीएमडब्ल्यू यांच्यात सहकार्याचा करार २०१२ साली झाला, आणि त्यातून निघालेल्या गाडीची जबाबदारी तेत्सुया तादा या अभियंत्यावर आली.

विरोधकांचे आक्षेप ऐकण्यासारखे आहेत. बॉनेटखालच्या कित्येक भागांवर बीएमडब्ल्यूचे चिन्ह छापलेले आढळते. आतील पडदा, तो चालवण्याची चकती, स्टिअरिंगमागच्या दांड्या, सारे त्याच घरचे. मग टोयोटाने केले काय, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. तादा यांचे उत्तर आकड्यांत होते. दोन आसनी गाडीचा चाकांमधला लांबीचा पल्ला २४७० मिलिमीटर, म्हणजे जुन्या सुप्राहून ८० मिलिमीटरने कमी. आणि त्या लांबीचे चाकांमधल्या रुंदीशी असलेले प्रमाण १.५५. गाडी वळणावर कशी वळेल हे याच प्रमाणावर ठरते, इंजिन कोठून आणले यावर नव्हे, असे त्यांचे म्हणणे. ओळीचे सहा सिलिंडर आणि मागच्या चाकांना जोर ही दोन्ही व्रते त्यांनी मुख्य गाडीत पाळली. खालच्या दर्जाच्या आवृत्तीत चार सिलिंडर घातले, ते मला आजही खटकते.

परक्या रक्ताच्या आक्षेपाला मात्र इतिहासात आधार सापडत नाही. सुप्राची पूर्वजा म्हणून जिचा अभिमानाने उल्लेख होतो ती १९६७ ची ‘टू थाउजंड जीटी’ टोयोटाने यामाहाच्या सहकार्याने घडवली, आणि तिच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे डोके यामाहाचेच होते. १९९३ च्या टर्बो सुप्रात जो सहा गिअरांचा भक्कम गिअरबॉक्स होता, ज्याची चौथ्या पिढीचे भक्त शपथ घेतात, तोही गेट्राग या जर्मन कंपनीचा होता. तेव्हा शुद्ध कुळाची अशी सुप्रा कधी नव्हतीच, आणि नव्या गाडीला त्या कसोटीवर बाद ठरवणे अन्यायाचे होईल.

माझ्या मते खरी तक्रार निराळी आहे, आणि ती वहिवाटीची आहे. पहिली तीन वर्षे ही गाडी केवळ आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीसह विकली गेली. चालकांनी आग्रह सोडला नाही म्हणून २०२२ साली हाताने गिअर टाकण्याची सोय जाहीर झाली. इंजिनाबद्दलची नापसंती गॅरेजांतच प्रथम ओसरली, कारण बीएमडब्ल्यूचा तो अॅल्युमिनियमचा ब्लॉकही चिवट निघाला आणि मिस्त्री मंडळी त्यातून मूळच्या दुपटीजवळ शक्ती काढू लागली. परंतु पुढच्या गाड्यांत इंजिनाच्या संगणकाला असे कुलूप आले, की ते उघडण्यासाठी तो संगणक गाडीतून काढून तज्ज्ञाकडे पाठवण्याची पाळी आली. जुन्या गाडीचे नाव ज्या कारागिरांनी आपल्या हातांनी मोठे केले त्यांच्या हातात नव्या गाडीची किल्लीच द्यावयाची नाही, याइतका वारशाचा उघड भंग मला दुसरा दिसत नाही. आणि याच कंपनीने २०२० पासून तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या सुप्रांसाठी बंद पडलेले सुटे भाग पुन्हा बनवावयास घेतले आहेत. म्हणजे वहिवाटदारांचा हक्क तिला ठाऊक नाही असे म्हणता येत नाही.

पाचव्या पिढीचे उत्पादन २०२६ साली थांबवण्याचे कंपनीने जाहीर केले, आणि निरोपाची म्हणून अधिक शक्तीची तीनशे गाड्यांची आवृत्तीही काढली. हे नाव पुन्हा केव्हातरी उचलले जाईल, यात मला शंका नाही. त्या वेळी इंजिन जपानचे असो की जर्मनीचे, त्यावर वेळ दवडण्यापेक्षा दोन गोष्टी आधी लिहून घेतलेल्या बऱ्या: संगणक पहिल्या दिवसापासून खुला असावा, आणि सुटे भाग उत्पादन थांबल्यावरही निदान वीस वर्षे मिळत राहावेत.