सल्ला कोणाचा घ्यावा ?

श्रीगोंदें तालुक्यांतील काष्टी हें गांव दौंड-मनमाड लोहमार्गावर असून दर शनिवारीं भरणाऱ्या जनावरांच्या बाजारासाठीं सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. बैलजोड्या, खोंडें, दुभत्या गाई, म्हशी, शेळ्या यांची तेथें सकाळपासून दाटी होते. व्यापारशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचलेला, पण सल्ला पारखण्यांत निष्णात असा मनुष्य ज्यास पाहावयाचा असेल त्यानें ह्या बाजारांत तासभर उभें राहावें.

बैल विकणारा एका बाजूस, घेणारा दुसऱ्या बाजूस आणि मध्यें दलाल. दलालाचा हात रुमालाखालीं जातो, समोरच्याचीं बोटें दाबून भाव सांगतो, आणि भोंवतीं जमलेल्या मंडळींस ऐकूं येतें तें एवढेंच कीं, “पाटील, असा खोंड पुन्हा डोळ्यांना दिसणार नाहीं.” घेणारा शेतकरी हें सारें ऐकून घेतो, पण निर्णय करण्यापूर्वीं मागें वळून आपल्याच गांवाहून आणलेल्या एका जाणत्या म्हाताऱ्याकडे पाहतो. तो म्हातारा कांहीं न बोलतां बैलाचा जबडा उघडतो. बैल अदंत आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे कीं जुळलेला आहे, हें दांतांवरून ठरतें व दांतांवरून वय ठरतें. नंतर तो बैल चालवून पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवतो. मग मान हालते. होकारार्थी किंवा नकारार्थी.

दलालानें कांहीं खोटें सांगितलें असेंच नाहीं. दलालावांचून बाजार चालावयाचा नाहीं, आणि वर्षानुवर्षें त्याच आवारांत बसणारा दलाल आपली पत सहसा घालवीत नाहीं. परंतु सौदा झाला तरच त्याची दलाली पिकते, मोडला तर त्याची सकाळ फुकट जाते. उलटपक्षीं म्हाताऱ्यास मिळावयाचा तो चहा व भज्यांची एक बशी. ती सौदा झाला तरी मिळते, न झाला तरी मिळते. शिवाय बैल लंगडा निघाला तर उद्यां सकाळीं त्यास त्याच गांवांत, त्याच पारावर, त्याच माणसाच्या तोंडासमोर बसावयाचें असतें. म्हणूनच दलालाच्या शंभर वाक्यांपेक्षां म्हाताऱ्याची मान शेतकऱ्यास अधिक वजनदार वाटते.

आश्चर्य असें कीं, हाच शेतकरी किंवा त्याचा मुलगा गांवांत दुकान घालतो तेव्हां मात्र हें शहाणपण बाजारांतच ठेवून येतो. यंत्र घ्यावें कीं नाहीं हें तो यंत्र विकणाऱ्यास विचारतो. कर्ज काढावें कीं नाहीं हें कर्ज मिळवून देऊन शेंकडा दोन टक्के घेणाऱ्यास विचारतो. आणि आपल्या सुशिक्षित घरांत काय होतें ? ज्या घरांत तीन पिढ्या कचेरी, शाळा किंवा पोस्ट यांपलीकडे कोणी गेलें नाहीं, त्या घरांतील मुलगा किंवा सून एखादा धंदा काढूं म्हणते, तेव्हां काका, मामा, आत्या सर्वजण एकमुखानें नको म्हणतात. यांत त्यांचा स्वार्थ नसतो, हें खरें. परंतु ज्ञानही नसतें. तो सल्ला नव्हे, ती भीति होय. आणि प्रेमळ माणसाची भीति ओळखणें हें दलालाची स्तुति ओळखण्यापेक्षां कठीण आहे.

माझा एक जुना विद्यार्थी काष्टीच्या बाजारांत कासरे, वेसणी, म्होरक्या आणि घुंगरमाळा विकतो. आठवड्याचे इतर दिवस त्याचें सरकी पेंड, भुसा व मक्याचा भरडा यांचें लहानसें दुकान चालतें. कांहीं वर्षांपूर्वीं एका पशुखाद्य कंपनीच्या प्रतिनिधीनें त्यास सबंध परिसराची एजन्सी देऊं केली. अट एवढीच कीं मोठी रक्कम अनामत ठेवावी आणि माल रोखीनें उचलावा. ही रक्कम उभी करावयाची तर राहतें घर गहाण टाकणें प्राप्त होतें. घरांत वृद्ध आई, पत्नी व शाळेंत जाणाऱ्या दोन मुली. तो माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, समद्यांनीं सांगितलं, घेऊन टाक म्हणून. आतां तुम्ही काय म्हणता ते बोला.”

हे ‘समदे’ कोण, असें मीं विचारलें. पहिला अर्थातच तो प्रतिनिधि. दुसरा कर्जाचे कागद करून देणारा. तिसरा मेहुणा, ज्यास नव्या दुकानांत बसावयाचें होतें. चौथा एक शेजारी दुकानदार. व्यापारांतलें मला कांहीं कळत नाहीं, परंतु वही वाचतां येते. म्हणून त्यास उधारीची वही घेऊन यावयास सांगितलें. वही घेऊन येण्यास त्यानें तीन दिवस लावले, यावरूनच निम्मी गोष्ट समजली.

दूध घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो दहा दहा दिवसांच्या बिलानें. त्यांतून आधीं किराणा, मग मुलांची फी, दवाखाना, आणि उरलें तर पेंडवाला. दुधाचा भाव उतरला कीं सर्वांत प्रथम थकतो तो पेंडवालाच. वहींत पाहूं जातां बहुतेक गिऱ्हाइकांची बाकी दोन महिन्यांच्या पुढें गेलेली, आणि कित्येकांची चार महिन्यांच्या. म्हणजे माल आणावयाचा रोखीनें व विकावयाचा चार महिन्यांच्या उधारीनें. मधलें अंतर भरून काढावयाचें तें घरावरच्या कर्जानें. हें गणित चौथी इयत्तेचें आहे, परंतु चौघां सल्लागारांपैकीं एकानेंही तें मांडलेलें नव्हतें, कारण चौघांपैकीं एकानेंही वही पाहिलेली नव्हती.

मीं त्यास होय किंवा नको यांपैकीं कांहींच सांगितलें नाहीं. एवढेंच सुचविलें कीं ज्याचें गिऱ्हाईक तुझें गिऱ्हाईक नव्हे, अशा दूरच्या तालुक्यांतील पेंडवाल्यास जाऊन भेट. शेजारचा दुकानदार खरें सांगणार नाहीं, आणि त्यास दोषही देतां येत नाहीं. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. लांबचा मनुष्य मात्र आपला अनुभव सांगण्यास बहुधा उत्सुकच असतो, कारण घरीं तो ऐकणारें कोणी नसतें. माझा विद्यार्थी एस.टी.नें गेला, दिवसभर त्या गृहस्थाच्या गादीवर बसला. तेथें त्यास अशा दोन गोष्टी समजल्या ज्या कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेल्या नसतात : पावसाळ्यांत ओल लागलेल्या पोत्यांस बुरशी धरते व तो माल कंपनी परत घेत नाहीं, आणि हिरवा चारा मुबलक झाला कीं खाद्याचा खप एकदम बसतो, परंतु उचल ठरलेलीच राहते. परत आल्यावर त्यानें प्रतिनिधीस सांगितलें कीं, खराब माल परत घेण्याचें लिहून द्या व अनामत निम्मी करा. प्रतिनिधि पुन्हा आला नाहीं. पुढें दोन वर्षांनीं दुसऱ्या एका कंपनीचा माल त्यानें थोड्या पोत्यांनीं सुरू केला. घर त्याचें अद्याप त्याचेंच आहे.

संस्कृत शिकलेल्या मनुष्यास अशा वेळीं कौटिल्य आठवल्यावांचून राहत नाहीं. अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हैसूरच्या आर. शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या अधिकरणांत मंत्रणा ह्या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. मंत्रिपरिषद किती जणांची असावी यावर मानव संप्रदायाचे बारा, बार्हस्पत्यांचे सोळा व औशनसांचे वीस असे आंकडे देऊन कौटिल्य स्वतः म्हणतो कीं ज्याच्या त्याच्या सामर्थ्याप्रमाणें. प्रत्यक्ष मसलत मात्र तिघां-चौघांशीं करावी. एकटाच सल्लागार असला तर अवघड प्रसंगीं निश्चय होत नाहीं व तो बेफाम होतो. दोघे असले तर ते एक होऊन धन्यास गुंडाळतात, नाहींतर भांडून कार्य नासवतात.

त्याच अध्यायांत एक मोठा मार्मिक वाद आहे. पराशराच्या अनुयायांचें मत असें कीं, मनांतील खरें कार्य उघड न करतां त्यासारखें दुसरेंच कार्य सांगून सल्ला विचारावा. यावर पिशुन आक्षेप घेतो कीं, असें लांबचें विचारलें म्हणजे मंत्री बेपर्वाईनें उत्तर देतात. आमचे दुकानदार पराशरमताचेच आहेत. “माझा एक मित्र आहे, त्याला जरा अडचण आली आहे,” अशी सुरुवात झाली कीं समजावें, मित्र कोण तें. परंतु मित्राच्या अडचणीस मिळणारें उत्तर मित्रापुरतेंच असतें. मंत्रणेचीं पांच अंगें तेथें सांगितलीं आहेत : कामाचा आरंभ कोणत्या उपायानें करावयाचा, माणसें व द्रव्य किती, स्थळ व काळ कोणता, विघ्न आलें तर प्रतिकार काय, आणि कार्य सिद्धीस गेलें असें केव्हां म्हणावयाचें. पेंडीच्या एजन्सीस हे पांच प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात. चौथा प्रश्न कोणताही विक्रेता आपण होऊन काढीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, पुष्कळांस विचारून बहुमत घ्यावें. तसेंही नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें व पुढें लोखंडी नांगर बनविले, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असें शेतकऱ्यांचें बहुमत होतें. नांगर दीर्घकाळ पडून राहिले. बहुमत मानलें असतें तर किर्लोस्करवाडी उभी राहिली नसती. गिऱ्हाइकास काय बोचतें हें गिऱ्हाइकास विचारावें. तें बोचणें कसें घालवावें हें ठरविणें कारागिराचें काम.

सल्ल्याचें अत्यंत उज्ज्वल उदाहरण मात्र आमच्याच जिल्ह्यानें, पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यानें, घालून दिलें आहे. प्रवरेच्या कालव्यावरील ऊंस उत्पादक गुळाच्या चढउतारानें व कर्जानें पिचलेला होता. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचें शालेय शिक्षण बेताचेंच, परंतु आपणांस काय येत नाहीं हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना काढावयाचा तर सल्ला कोणाचा ? यंत्रें विकणाऱ्या पेढ्यांचा नव्हे, सावकाराचा तर नव्हेच. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांची साथ त्यांनीं मिळविली. वैकुंठलाल मेहता यांच्यासारखे सहकाराचे जाणकार पाठीशीं उभे राहिले. विखे पाटलांनीं गांवोगांव हिंडून भाग गोळा केले, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेचा कारखाना चालू झाला.

परंतु ह्या कथेंतील मला मोठी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. गाडगीळ नुसता सल्ला देऊन पुण्यास परतले नाहींत. कारखान्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले व कित्येक वर्षें ती जबाबदारी त्यांनीं वाहिली. कारखाना बुडाला असता तर प्राध्यापकांचें नांवही त्याच्याबरोबर बुडालें असतें. बाजारांतील त्या म्हाताऱ्यासारखेच तेही पारावर बसावयास तयार होते. प्रत्येक पेंडवाल्यास गाडगीळ मिळणार नाहींत, हें उघड आहे. परंतु सल्ला चुकला तर तुमचें काय जाईल, हा प्रश्न नम्रपणें कोणासही विचारतां येतो.

भगिनीवर्गास एक मुंबईचें उदाहरण सांगतों. गिरगांवांत १५ मार्च १९५९ रोजीं सात गुजराती गृहिणींनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तेंच पुढें लिज्जत पापड म्हणून नांवारूपास आलें. ते पैसे देणारे छगनलाल करमशी पारेख, ज्यांस सर्वजण छगनबाप्पा म्हणत, हेच त्यांचे सल्लागार. आरंभीं ह्या भगिनी एक चांगला व एक स्वस्त असे दोन प्रकारचे पापड करूं लागल्या होत्या. छगनबाप्पांनीं एकच उत्तम प्रतीचा पापड करण्यास सांगितलें, आणि हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. तोटा आला तरी कोणाकडून देणगी घ्यावयाची नाहीं असें ठरलें. दयाळू मनुष्यानें आणखी ऐंशी रुपये दिले असते व विषय मिटला असता. येथें दयेपेक्षां हिशेबाची वही अधिक उपयोगी पडली.

आतां कोणी विचारील कीं, जवळ ना छगनबाप्पा ना ओळखीचा जाणता, तर जावें कोठें ? जिल्हा उद्योग केंद्रें १९७८ पासून आहेत. कर्जाच्या व अनुदानाच्या सरकारी योजना तेथें विचारतां येतात. धंदा काढण्याचें शिक्षण देण्यासाठीं राज्यांत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. शेती व जनावरांशीं निगडित धंद्यास राहुरीचें महात्मा फुले कृषि विद्यापीठ व बाभळेश्वरचें कृषि विज्ञान केंद्र जवळचें. पुण्यास अ. रा. भट यांनीं १९३४ मध्यें स्थापन केलेली मराठा चेंबर ही व्यापारी-कारखानदारांची संस्था आहे. कराचा प्रश्न असेल तर सनदी लेखापालास ठरलेली फी देऊन विचारावें. फी देण्याचा लोकांस फार कंटाळा. पण फी घेणारा आपला असतो, टक्के घेणारा सौद्याचा असतो.

जातांना वर्षाची विक्री, खरेदी, उधारी व देणें एका कागदावर लिहून न्यावें, आणि मूळ वही पिशवींत असावी. माल बनविणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या लहान उद्योगास त्याच्या मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत असें २००६ चा कायदा सांगतो. त्याचा आधार घ्यावयाचा तर नोंदणी आधींच केलेली असावी लागते. ती ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून चालू आहे व आधार क्रमांकावर होते. तिला सरकारी शुल्क एक पैसाही नाहीं. तरीही गांवोगांव फलक लावून तिचे पैसे घेणारे बसले आहेत. त्यांच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरांतील महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलास किंवा मुलीस अर्धा तास शेजारीं बसवून घ्यावें.