एकच इंजिन : इथे १८०, तिथे ३२५

भाचा टेक्सासला असतो. गेल्या दिवाळीत बसवकल्याणला आला, तेव्हा सस्तापूर बंगला नाक्यावरच्या माझ्या डिझेल इंजिनांच्या पंपांच्या दुकानात येऊन बसला. समोर टाटा २५१८ ट्रकचं काम चालू होतं. इंजिनाकडे बघत तो म्हणाला, "मामा, माझ्या डॉज पिकअपला हेच कमिन्स आहे, पाच पॉइंट नऊ लिटरचं. कागदावर ३२५ हॉर्सपॉवर लिहिलीय. तुमच्या ट्रकला १८०च का? आपल्याला हलकं इंजिन देतात काय?"

हाच प्रश्न ड्रायव्हर मंडळी मला वर्षानुवर्षं विचारत आली आहेत. त्यामागचा संशय मला पटत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

इंजिन हलकं नाही. दोन्हीकडे सहा सिलिंडर, बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०. १९९३ मध्ये टाटा आणि कमिन्स यांनी भागीदारी केली आणि जमशेदपूरला हे इंजिन बनू लागलं. २५१८ या नावातच हिशोब आहे : २५ टन वजन, १८० हॉर्सपॉवर. भाच्याच्या गाडीचं हेड २४ व्हॉल्व्हचं, डिझेल कॉमन रेलमधून येतं. काही फरक त्यामुळे पडतो. पण १९९६ ते ९८ च्या डॉजमध्ये बारा व्हॉल्व्हचं, साध्या पंपाचंच इंजिन होतं, आम्ही रोज खोलतो तसलं. त्यालाही २१५ पर्यंत हॉर्सपॉवर दिलेली होती.

खरा फरक कामाचा आहे. भाच्याला पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेक करताना, अर्धा मिनिट. आमची गाडी शहाबादहून फरशी भरून निघते. गुलबर्ग्याहून हुमनाबादकडे येताना चढ लागला की ड्रायव्हरचा पाय एक्सलेटरवरून उठत नाही, आणि मे महिन्यात बाहेर ४२ अंशांचं ऊन असतं. याच १८० हॉर्सपॉवरवर टाटाचा ४०१८ ट्रेलर ४० टन ओढायचा. २०१८ च्या जुलैत सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, दहाचाकी २५ टनांवरून साडेअठ्ठावीसवर गेली आणि २५१८ ची २८१८ झाली. पुढचा आकडा बदलला, मागचा १८ तोच राहिला. तासन्‌तास ही ताकद द्यायची आणि लाखो किलोमीटर टिकायचं, म्हणून कंपनी आकडा खाली बांधते. याच इंजिनाला हौसेच्या बोटीत ३७० हॉर्सपॉवरचं रेटिंग मिळालेलं आहे, कारण ती बोट वर्षाकाठी मोजकेच तास चालते. दिवसभर राबणाऱ्या बोटीला त्याहून बरंच कमी मिळतं.

साध्या पंपाच्या गाडीत ही मर्यादा कुठे असते, तेही सांगतो. मायको कंपनीच्या डिझेल पंपावर, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो फिरवला की प्रत्येक फटक्याला जास्त डिझेल जातं. त्याला बारीक तार ओवून शिशाचं सील मारलेलं असतं. माझ्या थोरल्या भावाने एका ठिकाणी सील तोडून पंप वाढवून घेतला. गाडी चढावर उडायला लागली, तो खूश. तीन महिन्यांनी इंजिन उघडलं तेव्हा चौथ्या पिस्टनच्या डोक्यावर अंगठा बसेल एवढा खड्डा होता, कडेचं अ‍ॅल्युमिनियम मेणासारखं ओघळलेलं. तो पिस्टन मी गल्ल्याशेजारी ठेवला आहे. पंप वाढवा म्हणणाऱ्याच्या हातात आधी तोच देतो.

मोजमापाचाही घोळ आहे. युरोपातली हॉर्सपॉवर म्हणजे ७३५.५ वॉट, इंग्रजी मापाची ७४५.७. युरोपच्या मापाने १८० असेल तर इंग्रजी मापाने १७७.५ भरते. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिन उघडंच टेस्ट बेंचवर चढवून, पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर न लावता मोजायचे. १९७२ पासून सगळं लावून मोजायला लागले आणि तेच इंजिन कागदावर एकदम कमी दिसू लागलं. शिवाय चाचणीचा आकडा २५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या जवळपासच्या हवेच्या दाबाला धरून दुरुस्त केलेला असतो. आमचं बिदर सव्वादोन हजार फुटांच्या आसपास उंचीवर. विनाटर्बोच्या जुन्या इंजिनाची इथे सहा-सात टक्के ताकद नुसत्या विरळ हवेत जाते, ऊन वेगळंच.

प्रदूषणाचे नियमही देशोदेशी निराळे. सिलिंडरमधली उष्णता वाढली की नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. ते आवरायला इंजिनाची सेटिंग बदलावी लागते आणि आकडाही बदलतो. बीएस सहाच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधक फक्त १० भाग, बीएस तीनच्या डिझेलमध्ये ३५० पर्यंत चालायचं. एवढ्या गंधकात नवी धूर-शुद्धीकरणाची यंत्रणा टिकत नाही, म्हणून तसलं डिझेल असलेल्या देशांत त्याच इंजिनाचा जुना अवतार पाठवतात.

भाच्याला हे पटलं. जाताना पिस्टनचा फोटो काढून घेऊन गेला.

जुनी गाडी घ्यायला सस्तापूर बंगल्यावर आलात, तर टायर आणि केबिनच्या आधी पंपाचं सील बघा. तार तुटलेली दिसली, तर हेड उघडून पिस्टन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.