मुंबई ते लंडन : अंतर ठरलेले, वेळ बदलती

मुंबई आणि लंडन यांच्या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे आणि ते जाताना-येताना सारखेच असते. तरीही लंडनला पोहोचायला परतीच्या प्रवासापेक्षा साधारणपणे तासभर अधिक लागतो. या तफावतीचा उलगडा होण्यासाठी अंतर कसे मोजतात आणि वेळ कशाने ठरते, हे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात.

पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल भूपृष्ठाला छेदते तेव्हा जे वर्तुळ मिळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात आणि दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा अशाच वर्तुळाचा कंस असतो. मर्केटरने 1569 मध्ये तयार केलेल्या पद्धतीच्या नकाशावर दिशा अचूक राहतात, पण अंतरे ताणली जातात; त्यामुळे त्या नकाशावर मुंबईहून लंडनकडे काढलेली सरळ रेषा जवळची भासली, तरी प्रत्यक्षात ती बृहद्वृत्तापेक्षा सुमारे 200 किलोमीटरने लांब पडते. खरा लघुतम मार्ग बराच उत्तरेकडे झुकतो आणि पाकिस्तान, इराण, कॉकेशस व युक्रेन यांच्यावरून जातो.

वेळेचा हिशेब मात्र वाऱ्यावर अवलंबून असतो. सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या अरुंद पट्ट्यांना जेट प्रवाह म्हणतात. भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर वारा नसताना हे अंतर आठ तासांत कापले जाईल. समोरून सरासरी ताशी 80 किलोमीटरचा वारा असल्यास जमिनीच्या संदर्भातील वेग 820 वर येतो आणि 8 तास 47 मिनिटे लागतात, तर तोच वारा पाठीशी असल्यास 7 तास 21 मिनिटे पुरतात. दोन्ही फेऱ्यांची बेरीज सोळा तासांहून आठ मिनिटांनी अधिक भरते, कारण विमान प्रतिकूल वाऱ्यात जास्त वेळ राहते आणि म्हणून जाताना झालेले नुकसान परतीत पूर्णपणे भरून निघत नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे हा फरक पडतो, असा समज अनेकांचा असतो. परंतु वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तो बरोबर नाही.

याखेरीज प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर अधिकार असतो. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना मनाई केली, त्यामुळे लघुतम कंस कागदावर राहिला आणि वळसा घेणे भाग पडले. वळसा वाढला की इंधन वाढते आणि त्याचा भार अखेर प्रवाशावरच येतो.

वेळापत्रकातील कालावधी मात्र केवळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असून त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांग आणि उतरण्यापूर्वीच्या संभाव्य घिरट्या यांची तरतूद त्यात केलेली असते. तिकिटावरच्या वेळा स्थानिक असल्याने, हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक जमेस धरल्याशिवाय प्रवासाचा खरा कालावधी कळत नाही. म्हणूनच दोन शहरांमधील किलोमीटर भूमितीने कायमचे ठरवून दिलेले असले, तरी तास मात्र त्या दिवशीचा वारा आणि त्या काळातले राजकारण यांनाच विचारावे लागतात.