उपज आणि निदान

आवडते गाणे प्रत्यक्ष मैफलीत ऐकावयास जाणारा श्रोता दोन परस्परविरोधी मागण्या घेऊन जातो. ध्वनिमुद्रिकेवर आहे तसेच्या तसे गाणे कानी पडावे, ही पहिली. आणि घरी बसून जे मिळाले नसते असे काही तेथे मिळावे, ही दुसरी. गायकाने पहिली पुरविली तर ‘यात नवीन ते काय?’ म्हणून आपण नाराज होतो, आणि दुसरी पुरविली तर ‘मूळ गाण्याची गोडी गेली’ अशी तक्रार करतो. म्हणूनच आवडत्या गाण्यावरील उपजेची चिकित्सा कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न रसिकाला चुकत नाही.

आम्हा देवास जिल्ह्यातील मराठी मंडळींना या प्रश्नासाठी लांब जावे लागत नाही. बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेले आणि मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकलेले कुमार गंधर्व 1948 मध्ये क्षयाने ग्रस्त होऊन देवासला आले आणि 12 जानेवारी 1992 रोजी तेथेच निवर्तले. त्यांनी गायिलेले कबीराचे एकाकी हंसाचे निर्गुणी भजन माळव्यातील कितीतरी मराठी घरांत पाठ आहे. त्या भजनाचे ध्वनिमुद्रिकेवरील रूप आणि मैफलीतील रूपे यांची तुलना हा आमच्या गप्पांचा जुना विषय आहे.

असा छंद केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ‘जॅम बँड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकवृंदांचा सारा व्यवहार उपजेवर चालतो. त्यांतील आद्य मानला जाणारा ‘ग्रेटफुल डेड’ हा वृंद. त्यांचे ‘डार्क स्टार’ हे गीत 1968 च्या तबकडीवर तीन मिनिटांच्याही आत संपते. 1969 च्या ‘लाइव्ह/डेड’ या मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तेच सुमारे तेवीस मिनिटे चालते. या वृंदाने श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करण्याची मोकळीक दिली आणि 1984 पासून त्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागाही राखली. परिणामी, अमुक तारखेचे गायन सरस की तमुक तारखेचे, यावर तेथील रसिक तावातावाने वाद घालतात. परंतु तीन मिनिटांची तेवीस मिनिटे झाली एवढ्यावरून गाणे वाढले असे म्हणता येत नाही. सूजही वाढच दिसते. तिला आपण बाळसे म्हणत नाही.

कुमारजींच्या मैफलींच्या मुद्रणांत मला जाणवते ते असे. भजनाला ते रागाची बढत लावीत नाहीत आणि तानांचा वर्षावही करीत नाहीत. ध्रुवपद पुनःपुन्हा येते. दर खेपेस एखादाच शब्द जागचा हलतो, एखाद्या स्वराचा लगाव बदलतो, एखादा विराम किंचित लांबतो. ‘अकेला’ हा एक शब्द कधी सांगितल्यासारखा येतो, तर कधी पुकारल्यासारखा. स्वरांची संख्या वाढलेली नसते, तरी समेवर परतताना भजन आधीपेक्षा खोल गेलेले असते. आमच्या पीपलरावांच्या परिसरात तंबूरा, करताल, मंजिरा आणि ढोलक घेऊन रात्र-रात्र निर्गुण गाणाऱ्या मंडळ्याही भजन फुलवितात. त्यांचा मार्ग वेगळा. मुख्य गायक मध्येच थांबून पदाचा अर्थ सांगतो, दाखला देतो आणि पुन्हा ध्रुवपद धरतो. मंडळी जे बोलून साधतात ते कुमारजी स्वराच्या लगावाने साधतात. दोहोंत शब्दाची सत्ता अबाधित राहते. आवडत्या गाण्यावरील उपजेचा माझा निकष तो हाच: गायक ध्रुवपदाकडे परतला तेव्हा त्या शब्दांत काही भर पडली की नाही?

कुमारजींची उपज या निकषावर तपासण्याऐवजी तिचे एक सोपे निदान वर्षानुवर्षे केले जाते. क्षयामुळे एक फुफ्फुस निकामी झाले, दमसास उरला नाही, म्हणून ते तुकड्या-तुकड्यांनी गात, असे ते निदान. दुर्दैवाने वैद्यकीय व्यावसायिकांच्या बैठकीतही ते आत्मविश्वासाने सांगितले जाते. आजार खरा, फुफ्फुसाची हानी खरी. स्ट्रेप्टोमायसिन त्या काळी नुकतेच उपलब्ध होऊ लागले होते, त्याचा गुण आला आणि काही वर्षांच्या सक्तीच्या मौनानंतर ते पुन्हा गाऊ लागले, हेही खरे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासावा असा आहे.

दम्याचा झटका आलेल्या बालकाची तीव्रता पाहताना आपण त्याला बोलते करतो. ते पूर्ण वाक्य बोलते की दोन-तीन शब्दांवर थांबते, हे पाहतो. धाप लागलेले मूल श्वास संपेल तेथे थांबते. अर्थ अर्धवट राहिला तरी त्याचा नाइलाज असतो. कुमारजींचे तुकडे या कसोटीवर लावून पाहावेत. ते अर्थ पुरा झाला तेथे थांबतात आणि पुढचा स्वर वरच्या षड्जावर, भरदार, सहज लावतात. श्वास किती वेळ पुरेल हे फुफ्फुस ठरविते. कोठे थांबणे शोभेल हे फुफ्फुसाला कळत नाही. मौनाच्या त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली. तीन-चार स्वरांत आपले म्हणणे पुरे करणारी ही गीते. पुढे या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले. छोट्या तुकड्यांचे मूळ शोधायचेच तर ते येथेही सापडू शकते. आजाराचा वाटा मी नाकारीत नाही. परंतु सहभागी कारणाला एकमेव कारण ठरविणे हे निदानशास्त्रात बसत नाही.

याचा अर्थ त्यांचे सारेच निर्दोष मानावे असा नव्हे. आवाज एकाएकी फेकण्याची त्यांची लकब कधी कधी शब्दावरून लक्ष उडवून आवाजाकडेच ओढते; अशा जागी ध्रुवपद परत आल्यावर त्यात काही भर पडल्याचे मला जाणवत नाही. त्यांच्या अनुकरणकर्त्यांनी नेमकी हीच लकब उचलली, हे त्याहून क्लेशदायक. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने कुमारजींनी बालगंधर्वांची पदे गायिली. त्या नावातील ‘उमजलेले’ हा शब्द अनुकरणकर्त्यांनी ध्यानी घ्यावयास हवा होता. उमजल्यावाचून उचललेली लकब ही उपज होत नाही.

माझ्या व्यवसायात या विवेचनाला एक निकडीची बाजू आहे. क्षयातून बरे झालेल्या मुलांचे आईवडील विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, आता हा खेळेल ना? गाईल ना?’ त्यांना कुमारजींचा दाखला देताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘एका फुफ्फुसावरसुद्धा गायिले’ असे म्हटले तर धीर येतो. ‘एकच फुफ्फुस होते म्हणून तसे गायिले’ असे म्हटले, तर त्या मुलाने पुढे जे जे करावे ते त्याच्या आजाराचेच उरलेसुरले ठरते. औषधोपचार पूर्ण झालेल्या मुलावर जुन्या रोगाची चिठ्ठी जन्मभर चिकटवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तेव्हा आपल्या संमेलनात पुढील वेळी एखाद्या परिचित पदाला गायकाने नवे वळण दिले, तर सुहृदांना माझी विनंती आहे. घड्याळ पाहू नये, आणि गायकाचा पूर्वेतिहासही आठवू नये. ध्रुवपद परत येईपर्यंत थांबावे. रोग्याचे म्हणणे पुरे ऐकल्यावाचून निदान करू नये, हे आपणा सर्वांना पहिल्या वर्षीच शिकविले गेले आहे.